डॉजची मागची सीट

भंडारा,
कोजागिरीनंतरचा तिसरा दिवस

प्रिय रेणूताई,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ओळखलंच असशील. नववीत दोनदा बसलो तरी ते सुधारलं नाही, आणि मागची सहा वर्षं हातात पेनापेक्षा पाना जास्त होता. तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती एकदम लिहवत नाही, म्हणून आधी दुसरी सांगतो. पण हे कागद संपायच्या आत ती सांगीनच. त्यासाठी चार कागद जास्तीचे आणून ठेवले आहेत.

तर दुसरी गोष्ट अशी, की मी मिलवाल्या आनंदरावची डॉज घेतली. हो, तीच. शहापूरच्या राइस मिलच्या मागच्या शेडमधली, काळी, म्हशीसारख्या पाठीची, पुढची काच मधून दोन भागांत असलेली. एक्कावन्न सालची आहे म्हणे, डॉज किंग्जवे. अमेरिकेची गाडी, पण जुळणी मुंबईत झाली होती, असं आपले देवाजी मोठबा दर रविवारी न विसरता सांगायचे. बाबांचे थोरले भाऊ असून ते मागावर कधी बसलेच नाहीत, जन्मभर आनंदरावची गाडी चालवली. डिझेलची जीप आली आणि पेट्रोल पिणारी डॉज शेडमध्ये गेली, तरी ते रविवारी जाऊन तिला पुसायचे. आणि आपण दोघं त्यांच्या सायकलवर. मी पुढे दांडीवर, तू मागे कॅरिअरवर. तुझ्या फ्रॉकला कोंड्याचा वास यायचा, आठवतं? मिलचा कोंडा शेडपर्यंत उडायचा, गाडीवर पिवळा थर बसायचा, आणि मोठबा कपडा झटकत म्हणायचे, "हे गाडी नाही, सून आहे घरची. तोंड धुतल्याबिगर बसाचं नाही."

मी स्टेअरिंगवर बसायचो आणि तू मागे. नेहमी मागे, उजव्या खिडकीपाशी, हात बाहेर टाकून. मी विचारायचो, कुठं जायचं बाई? समोरून हायवे जात होता, एकीकडे नागपूर, दुसरीकडे रायपूर आणि मग थेट कलकत्त्यापर्यंत. आणि तू म्हणायची, घरी. मला असा राग यायचा ताई. एवढी मोठी गाडी, सगळा मुलूख पडला आहे, आणि हिला घरी जायचं आहे. मी तुला एकदा रायपूरला नेलं होतं बळजबरीनं, तोंडानं भुर्र करत, तर तू मागे झोपून गेलीस आणि उठल्यावर विचारलंस, आलं का घर?

मी किती ठिकाणी फिरलो ते सांगितलं तर तू हसशील. ट्रकवर क्लीनर होतो, रायपूर ते नागपूर. देवरीच्या ढाब्यावर रोट्या टाकल्या. सुरतेला पॉवरलूमवर गेलो, तिथं मुकादमानं विचारलं घरी काय करतात, मी म्हटलं माग, तर तो म्हणे मग इथं कायले आला, आणि त्याला खरं उत्तर देता आलं नाही म्हणून पंधरा दिवसांत तेही सोडलं. एक पूर्ण हिवाळा वडशाच्या नाटक कंपनीत पडदा ओढला. तिथं एक माणूस होता, तो वाघाचा आवाज काढायचा, खऱ्या वाघापेक्षा चांगला. एकदा जंगलाकडच्या गावात प्रयोग होता, तर त्याचा आवाज ऐकून अर्धं पब्लिक उठून आपापल्या गुरांकडे पळालं. पण ते जाऊ दे. गाडीचं सांगत होतो.

मिल बंद पडली तेव्हा आनंदरावनं डॉज लाखनीच्या दादाजी मंडपवाल्याला दिली. हे मला फार उशिरा कळलं. मी आधी नागपूरचे भंगारवाले धुंडाळत बसलो होतो. दादाजीनं ती लग्नात नवरदेवासाठी लावली. इंजिन तर जाम होतं, मग त्यानं काय करावं? बैल जुंपले. खरं सांगतो. पुढं बँड, मागं दोन बैल, त्यांच्या मागं डॉज, आणि स्टेअरिंगवर बाशिंग बांधलेला नवरदेव. एका वरातीत फटाक्यानं बैल बिचकले आणि नवरदेवासकट गाडी धानाच्या बांधीत उतरली. त्या दिवसापासून तिचं लग्नातलं काम संपलं आणि दादाजीच्या आवारात ती कोंबड्यांचं खुराडं झाली. मी गेलो तेव्हा मागच्या सीटवर एक लाल कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, ठीक तुझ्या जागेवर. दादाजी म्हणाला, "गाडी घेऊन जा, पण ते उठल्यावर. आता उठवली तं पाप लागते." म्हणून मी बारा दिवस लाखनीत त्याच्या मंडपाचे बांबू उचलत थांबलो. पिल्लं निघाली, मग गाडी निघाली. गाडीच्या बदल्यात माझी मोटारसायकल त्याच्याकडे राहिली.

ट्रॅक्टरला बांधून ती भंडाऱ्याला आणली, मोठबांच्या दारात. त्यांना आता गुडघ्यानं चालवत नाही, खाटेवरच असतात. मला वाटलं म्हातारा रडेल. त्यांनी नुसतं बोट करून विचारलं, "मेंढा कुठी आहे?" बॉनेटच्या टोकावर तो चांदीच्या रंगाचा मेंढा होता ना, उडी मारायच्या पवित्र्यातला, ज्याच्या शिंगांना तू हळदकुंकू लावलं होतंस एकदा पोळ्याला. तो गेला होता. मग म्हणाले, "आन् तू तिले तोंड न धुताच आणली गावातून." बादली मागवली, खाट गाडीपाशी ओढायला लावली आणि बसल्या बसल्या हात पुरेल तेवढं दार धुतलं.

काम जागेश्वर मिस्त्रीनं केलं. खात रोडला त्याचं गॅरेज आहे, माणूस चांगला, तोंड घाण. त्यानं बॉनेट उघडलं, सहा सिलिंडरचं ते लांबलचक इंजिन पाहिलं आणि मला म्हणाला, "अबे, याच्यात उंदरानं तीन पिढ्या काढल्या. हे सुरू करतो म्हणशील तं पहिले त्यायच्या वारसायची सही आण." जुनं इंजिन खरंच गेलेलं होतं. पिस्टन गंजून असे चिकटले होते की घणानंही हलेनात. शेवटी मेटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचं ठरलं. मोठबा दोन दिवस जेवले नाहीत. "डॉजमध्ये मेटाडोर. हत्तीच्या पोटात डुकराचं काळीज." मी म्हटलं मोठबा, पेट्रोल पाजायला आपण आनंदराव नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका अटीवर हो म्हटलं, स्टेअरिंगला चिकटलेला गियरचा दांडा काढायचा नाही. मेटाडोरचा गियर खालून येतो, त्यासाठी जागेश्वरनं फ्लोअरचा पत्रा कापला. त्यामुळे गाडीला आता दोन गियर आहेत. एक खाली, खरा, आणि एक स्टेअरिंगपाशी, मोठबांचा. त्याला काहीच जोडलेलं नाही. पण मी त्यांना उचलून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, तेव्हा त्यांचा डावा हात बरोबर त्या दांड्यावर गेला, पहिला, दुसरा, तिसरा, आणि मग न्यूट्रल करून ते म्हणाले, "उतरव."

इंजिन बसवायला चॅनेल वेल्डिंग करून घेतले, पुढचे पाटे बदलले, रेडिएटर इथल्याच पितळवाल्या गल्लीत उकलून झाळून घेतला. गाडीची वायरिंग सहा व्होल्टची होती, ती बारावर न्यायची म्हणजे सगळी बदलायची. त्यासाठी जागेश्वरनं अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढला. त्याच्या मागून काय काय पडलं ते लिहितोच. पण त्याआधी मेंढ्याचं.

मेंढा कुठंच मिळेना. मग पितळवाल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मोठबांनी तोंडानं वर्णन करून सांगितलं, मी हातानं दाखवलं, आणि त्यानं मातीचा साचा करून पितळेचा ओतला. चमकतो असा की समोरून येणारा डोळे मिटतो. फक्त त्या कारागिराच्या घरी बकऱ्या आहेत, मेंढ्या नाहीत. बाबांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा वर करून म्हणाले, "मेंढा नोहे हा. बोकड होय. दाढी आहे त्याले."

हे मी मुद्दाम लिहिलं ताई. बाबा गाडी पाहायला आले होते आणि थट्टा करून राहिले होते, हे तुला आधी कळावं म्हणून. आता बाकीचं लिहितो.

तू लग्नासाठी घरून निघून गेलीस त्यानंतरचे बाबा तुला माहीत नाहीत, आणि पहिल्या आठ महिन्यांचे मलाही माहीत नाहीत. मोठबांकडून ऐकलं तेवढंच. लोकांना वाटत होतं, आपला बाप भैय्यालाल जातीसाठी रुसला आहे, आपण मागवाले आणि श्रावणभाऊजी धानवाले म्हणून. तसं असेलही पहिले चार दिवस. पण मोठबा म्हणतात, ते जातीचं कधी बोललेच नाहीत. ते एकच म्हणायचे, "मले एक शब्द सांगून तं जायची होती." आणि दुसरं एक म्हणाले होते, एकदाच. मागावर तेव्हा चटणी रंगाचं लुगडं होतं, अर्धं झालेलं. आई गेल्यापासून रहाटावर सूत गुंडाळून धोट्याच्या कांड्या तूच भरत होतीस. तू गेल्यावर बाबांनी सूत शोधलं तर सूतच नाही, एक लडीही नाही. तर ते मोठबांना म्हणाले, "सूतही नेलं तिनं." मग बाहेरून दुसरं सूत आणलं, स्वतःच रहाटावर बसून कांड्या भरल्या, आणि मग उठून मागावर बसले. एक माणूस दोन्हीकडे. दुसऱ्या रंगणीचा रंग थोडा उतरता निघाला. ते लुगडं अर्धं एका रंगाचं, अर्धं दुसऱ्या. बाबांनी ते विकलं नाही. पेटीत आहे.

आता ती गोष्ट. त्या दिवशी भंडाऱ्याच्या स्टँडवर ओळखीचे लोक म्हणून तू शहापूरहून नागपूरची बस धरायची ठरवलीस, आणि मी तुला बाबांच्या सायकलवर डबलसीट नेलं. बसला वेळ होता म्हणून आपण शेडमध्ये डॉजमध्ये बसलो. मी पुढे, तू मागे. तू घडी केलेला कागद दिलास आणि म्हणालीस, संध्याकाळी बाबा मागावरून उठले की त्यांच्या हातात दे, आधी नको. मी हो म्हटलं. आणि तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला, कारण माझ्या पँटीचा खिसा फाटका होता. बस आली, तू गेलीस. मी परत येऊन स्टेअरिंगवर बसलो. घरी जाऊन बाबांच्या समोर उभं राहायचं, तुझा कागद द्यायचा, त्यांचा चेहरा पाहायचा, हे मी मनात दहादा करून पाहिलं आणि दहाही वेळा मला जमलं नाही. तेवढ्यात मिलसमोर एक ट्रक थांबला, त्याचा क्लीनर पळून गेलेला, ड्रायव्हर विचारत होता कोणी येतं का रायपूरपर्यंत. मी गेलो. मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो की कागद मी विसरलो. विसरलो नव्हतो ताई. ट्रक भंडाऱ्याच्या चौकातून निघाला तेव्हा मी सीटखाली वाकलो होतो, आणि तेव्हाही मला आठवत होतं की कागद कप्प्यात आहे. वैनगंगेचा पूल आला तेव्हाही आठवत होतं. म्हटलं दोन दिवसांत परत येऊ आणि देऊ. संध्याकाळी मोठबांनी सायकल घरी नेऊन दिली. आपण दोघं त्या दिवशी घरून निघालो आणि बाबांना परत मिळाली ती सायकल.

आठ महिन्यांनी आलो तर मिलला कुलूप होतं आणि शेड रिकामी. बाबांनी फक्त ताट वाढलं. मी तोंडानंच सांगून टाकायला पाहिजे होतं. पण माझं तोंड तुला माहीत आहे, लहानपणापासून इतक्या बाता मारल्या की खरं सांगायला हातात काही तरी असल्याशिवाय मला धीर होत नाही. ते म्हणाले असते, कागद दाखव. मग कुठून दाखवू? म्हणून पुन्हा निघून गेलो, पुन्हा आलो, असं चाललं. सहा वर्षं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी तू गेलीस, आणि लोक हसून म्हणायचे, भैय्यालालच्या घराचेही तेव्हाच तुकडे झाले. मीही हसायचो त्यांच्यासोबत.

मागच्या उन्हाळ्यात साकोलीच्या स्टँडवर श्रावणभाऊजी भेटले. त्यांनी तुला सांगितलं की नाही माहीत नाही. त्यांनी मला चहा पाजला, तुमच्या कामिनीचं सांगितलं, चार वर्षांची झाली आणि मांजरांना नावं देते म्हणाले. मग उठताना, सहज बोलावं तसं म्हणाले, "रेणू दर पोळ्याले कार्डाची वाट पाह्यते. मंग सण झाला का म्हणते, बाबाचं उत्तर भेटलं मले." मी विचारलं कशाचं उत्तर. ते म्हणाले, "तुह्याजवळ चिठ्ठी दिली नव्हती का तिनं?" मी तुझा कागद कधी उघडला नव्हता. त्यात काही विचारलं असेल, त्याला उत्तर लागत असेल, असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला वाटायचं फक्त निरोप आहे, गेल्याचा. मी तेव्हाच तुमच्या एकोडीच्या गाडीत बसायला पाहिजे होतं, नाही तर भंडाऱ्याच्या. मी गाडी शोधायला निघालो. लोक विचारायचे, या लोखंडाचं काय करतोस, मी सांगायचो लग्नाला भाड्यानं देईन. आता देईनही कदाचित, दोन जण विचारून गेले. पण मी ती कशासाठी घेतली ते आता तुला कळलं.

लाखनीत पहिल्या दिवशीच कोंबड्यांमधून हात घालून कप्पा उघडला होता. रिकामा होता. त्याचा खालचा पुठ्ठा कुजून पडला होता, म्हणजे कागद गाडीच्याच पोटात कुठं तरी असणार. मग गॅरेजमध्ये त्या दिवशी जागेश्वरनं वायरिंगचा गुंता ओढला, तसा डॅशबोर्डच्या मागून उंदराच्या घरट्याचा गोळा खाली आला. कापूस, कोंडा, मिलच्या पावत्यांचे तुकडे, तुझा एक हिरवा क्लिप, आणि त्यात तुझा कागद. जागेश्वर शिव्या द्यायच्या तयारीत होता, माझं तोंड पाहून त्यानं हात पुसायचा कपडा दिला.

कागद अर्धा खाल्लेला. राहिला तेवढा मी वाचला नाही, ताई. त्या वेळी तरी सांगितल्यासारखं केलं. सरळ घरी नेला. दुपार होती, बाबा मागावर होते. त्यांनी पाय मागाच्या खड्ड्यातून वर घेतले, उजेडाकडे तोंड केलं आणि वाचलं. दोनदा वाचलं. विचारलं, "कोणाजवळ होता?" मी म्हटलं, माझ्याजवळ, आणि मग सगळं सांगितलं, ट्रकचं, चौकात वाकल्याचंही. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि माझ्या पाठीत हाणला, दोनदा, तीनदा. लागत नव्हतं. मी रडत होतो. मग ते परत मागावर बसले आणि धोटा फेकू लागले, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि धोट्यात कांडीच नव्हती. रिकामा धोटा ताण्यातून जात होता, येत होता, कापड काही वाढत नव्हतं. बऱ्याच वेळानं ते उठले, स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरून आईचा पाणी भरायचा पितळी गुंड काढला, ज्याला आई गेल्यापासून त्यांनी हात लावला नव्हता. झाकणी काढली. आत कांड्या होत्या. तोंडापर्यंत भरलेल्या, एकीवर एक, चटणी रंगाच्या, काल भरल्यासारख्या. कागदावर तू तेच लिहिलं होतंस, वाचता येत होतं तेवढ्यात. सगळं सूत कांड्यांत भरून ठेवलं आहे, उंदरांनी कुरतडू नये म्हणून आईच्या गुंडात, तुमचं काम अडायला नको. त्याच्याखाली, पोळ्याच्या आधी एक कार्ड टाका, मी येईन. उत्तर आलं नाही तर मी समजून घेईन, आणि पुढचं उंदरांनी खाल्लं होतं.

बाबांनी त्या कांड्यांचं काय केलं ते सांगतो. त्यांनी मागावर जाड चादरीचा ताणा चढवला, बाणा सगळा तुझ्या कांड्यांचा, आणि आठ दिवसांत शेवटची कांडी संपेपर्यंत विणलं. मग जागेश्वरच्या गॅरेजात येऊन स्वतःच्या हातानं माप घेतलं. ते कापड डॉजच्या मागच्या सीटपुरतंच पुरलं. पुढे साधं रेक्झिन आहे. कसं बसलं ते पाहताना त्यांनी मला विचारलं, मागे किती जण बसतात. मी म्हटलं तीन आरामात, आणि एक लहान. ते म्हणाले, "मंग पुरते." हे पत्र मी का लिहिलं ते आता सांगतो, कारण कागद संपत आला आहे आणि बाबा समोर बसून मला बाजूला भटकू देत नाहीत. सहा वर्षं तुला जे उत्तर मिळालं ते बाबांचं नव्हतं, माझं होतं. त्यांच्यापर्यंत प्रश्नच पोचला नव्हता. भाऊबीजेला सकाळी आम्ही निघतो, साकोलीवरून एकोडीला, बाबा आणि मी, मोठबांना पुढच्या सीटवर उशी लावून. आवाज दळणाच्या चक्कीसारखा येतो, तलावापासूनच ऐकू येईल, आणि पुढे पितळेचा बोकड आहे, म्हणजे ओळखायला अडचण नाही. श्रावणभाऊजींना म्हणावं धान कापणीतून दोन दिवस काढा. तुझी जागा उजव्या खिडकीची, कामिनी मधे. कुठं जायचं ते या वेळी मी विचारणार नाही. मी बाबांना म्हटलं, निघायच्या आधी तिचं उत्तर मागवू का, तर त्यांनी रहाटावरून मान वर न करता सांगितलं तसंच खाली उतरवून देतो: "लिही तिले, उत्तर नाही आलं तरी आम्ही येऊन राहिलो."

तुझाच, या वेळी सरळ येणारा,
अंकुश